मिरी मोठा की लवंग?

एकदा एक दगड अख्ख्या गावाच्या मानगुटीवर बसला. काळा, घोटीव दगड. तो तालमीच्या दारावर बसवायचा होता आणि त्याच्यावर नाव कोरायचं होतं एकच. ते कोणाचं, यावरून गावाची झोप उडाली.

गाव मसाल्याच्या पेठेचं. तिथल्या जत्रेत मुष्टियुद्धं होत, आणि लढणाऱ्यांची वजनं पेठेतल्याच तराजूवर, मिरच्यांच्या पोत्यांशेजारी केली जात. आडदांड गड्यांना तिथे तोटा नव्हता. पण गावाचं नाव झालं ते हलक्या वजनाच्या दोन वीरांमुळे. पेठेनंच त्यांचं बारसं केलं होतं. पहिला मिरी आणि त्याच्यानंतरच्या पिढीतला लवंग. दोघेही आता देवाघरी गेले होते. हयातीत ते एकमेकांशी कधी लढले नाहीत, म्हणून गाव त्यांना रोज पानाच्या दुकानापाशी लढवत असे.

मिरी जन्मात हरला नाही. त्याचा ठोसा बसला की त्या दणक्यानं पोत्यातल्या मिरच्यांनाच शिंका येत, असं सांगतात. आणि सांगणाऱ्या प्रत्येकानं मिरचीला शिंकताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असे. लवंगाची तऱ्हा निराळी. तो आपल्या वजनात लढला, वरच्या वजनात लढला, त्याच्याही वर जाऊन लढला. पुष्कळदा जिंकला. कधी कधी मात्र असा हरला की त्याला घोंगडीत घालून घरी न्यावं लागलं. आणि त्या घोंगडीतून तो जिंकणाऱ्याला बजावत असे, "डावा हात खाली येतो रे तुझा. सांभाळ."

निवाडा तालमीच्या वृद्ध वस्तादांकडे आला, कारण दोघांनाही लढताना पाहिलेले तेवढेच एक उरले होते.

वस्तादांचा एक शिष्य होता. मिरीचा नातू. वडील लहानपणीच गेलेले. घरात आजोबांच्या नावाखेरीज दुसरी मिळकत नव्हती. त्या नावावर त्याला जत्रेत मान मिळे आणि त्या नावावरच त्याची आई चारचौघींत ताठ मानेनं बसे. ते नाव दगडावर आलं नाही तर आपण कोण, हा प्रश्न त्याला पोखरू लागला. आणि पोखरलेल्या मनात संशय फार लवकर घर करतो.

संशयाला जागाही होती. दगड दिला होता पेठेतल्या एका व्यापाऱ्यानं, आणि हा व्यापारी लवंगाचा निस्सीम भक्त. एके सकाळी त्याचा छकडा वस्तादांच्या दारी थांबला. व्यापारी उतरला. हातात तुपाचा गडवा.

"वस्ताद, घरचं आहे. गाईचं," तो म्हणाला. "आणि हा छकडाही राहू द्या. या वयात पायी कुठं हिंडता?"

वस्तादांनी गडवा घेतला. छकडाही ठेवून घेतला. शिष्यानं हे सारं पाहिलं.

मग वस्तादांनी एक अजब उद्योग आरंभला. कुणी मिरीचे, कुणी लवंगाचे विजय पाहिलेली म्हातारी मंडळी पारावर सांगायला आतुर बसली होती. त्यांच्याकडे ते फिरकलेच नाहीत. त्यांनी छकडा जुंपला आणि हरलेल्यांची घरं धुंडाळायला निघाले. शिष्य मागोमाग. उघडपणे नव्हे, कुंपणाकुंपणाच्या आडोशानं.

पहिलं घर एका म्हाताऱ्या कल्हईवाल्याचं. ऐन तारुण्यात मिरीनं त्याला लोळवलं होतं. वस्ताद म्हणाले, "कसा पडलास, ते करून दाखव."

कल्हईवाल्यानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "काय दाखवू वस्ताद? उभा होतो. मग आडवा होतो. मधलं मला ठाऊक नाही."

"पुन्हा लढलास?"

"नाव काढू नका. पोरालाही तालमीची पायरी चढू दिली नाही."

पुढचं घर रंगाऱ्याचं. त्याला लवंगानं हरवलं होतं. प्रश्न कानी पडताच तो निळ्याशार हातांनी उठला आणि अंगणात नाचू लागला. "हा असा आला. इथं हूल दिली. मी फसलो, उजवीकडे झुकलो, आणि हा बसला बरगडीत! काय सुरेख बसला, वस्ताद!"

"गुडघे!" आतून बायको ओरडली. "परवाच शेकून दिलेत मी ते गुडघे!"

"अगं, थांब की! नातवाला हाच डाव शिकवतोय मी."

वस्ताद मनापासून हसले. कुंपणाच्या निवडुंगाआड शिष्याचे दात करकरले. ठरलं तर. म्हातारा लवंगाच्या बाजूचे साक्षीदार जमवतो आहे. गाईचं तूप बोलू लागलं!

निवाड्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्यानं वस्तादांना तालमीत गाठलं.

"वस्ताद, एक विचारू? तूप कसं होतं?"

"उत्तम. रवाळ. सगळं संपवलं मी," वस्ताद शांतपणे म्हणाले. "आणि लेका, निवडुंगाचे काटे सगळे निघाले का तुझे?"

शिष्य वरमला; पण बाण सुटला होता. "माझ्या आजोबांचा सौदा तुपावर केलात तुम्ही!"

वस्तादांनी त्याला समोर बसवलं. मग बोलले. "मिरी माझा जिवलग होता. त्याला खांदा दिलाय मी. दोघं समोरासमोर आले असते, तर घाम फुटायच्या आत लवंग आडवा झाला असता. हे मी शेटजीच्या तोंडावर सांगितलं, म्हणून तर दुसरा गडवा आला नाही."

"मग दगडावर आजोबाच हवेत!"

"ऐक. मिरीच्या अखेरच्या वर्षांत जत्रेत हलक्या वजनाची पुकार व्हायची आणि समोर कुणी यायचंच नाही. हलगीवाले तेवढ्यात चहा पिऊन यायचे. मिरीनं आपलं वजन जिंकलं, आणि ते ओसाड झालं. त्याचा दोष नाही; विजेला कोण दोष देतो? लवंग आला तेव्हा त्याच्याशी लढायला त्या वजनात माणूस उरला नव्हता. म्हणून तो वर गेला आणि मार खाऊन आला. आणि दारोदार हिंडून त्यानं पोरं गोळा केली, वर्षभर शिकवली, मग जत्रेत त्यांच्याशीच लढला. आपले प्रतिस्पर्धी त्यानं आपल्या हातानं पेरले. वीज मोठी की चुलीतला विस्तव, हे मला विचारू नकोस. पण शेजारीण विस्तव मागायला येते. वीज मागायला कुणी येत नाही. कोण किती मोठा, ते जिंकलेल्याच्या घरी कळतं. मागे काय उरलं, ते हरलेल्याच्या अंगणात पाहावं लागतं."

शिष्याला उत्तर मिळालं होतं. पण संशय काही उत्तरांवर जगत नाही. तो मनात तसाच बसून राहिला.

"उद्याचा निवाडा तू सांग," वस्ताद म्हणाले.

"मी?"

"मी सांगितला तर मी विकला गेलेला. तू तर धरूनच चालला आहेस. तुझ्या तोंडून मिरी आला, तर मिरी. मी मान डोलावीन."

दुसऱ्या दिवशी सारं गाव तालमीपुढे लोटलं. पाथरवट छिन्नी घेऊन तयार. व्यापारी घाम पुसत होता. बायकांत शिष्याची आई बसली होती, नेहमीसारखी ताठ.

वस्तादांनी शिष्याकडे बोट केलं. तो उभा राहिला. 'मिरी' हा शब्द त्याच्या जिभेवर होता. आयुष्यभर तिथंच होता. त्यानं गर्दीवर नजर फिरवली. कल्हईवाला पार मागे, रस्त्याच्या कडेला उभा होता. एवढी वर्षं लोटली तरी आखाड्याच्या जवळ यायला त्याचे पाय धजत नव्हते. आणि अगदी पुढे रंगारी, त्याचे मुलगे, त्याचा नातू. निवाड्याची वाट पाहता पाहता तो नातू बापाच्या बरगडीत तोच डाव बसवत होता. आजवर शिष्य जत्रेत ज्यांच्याशी लढला, ती सगळी पोरं अशाच अंगणांतून आलेली होती. ती नसती तर त्याच्या पुकारेलाही समोर कुणी आलं नसतं.

त्यानं आईकडे पाहायचं टाळलं.

"माझ्या आजोबांसमोर कुणी टिकलं नाही," तो म्हणाला. "लवंगकाकांमुळे मला समोर कुणीतरी मिळालं. तालमीच्या दारावर त्यांचं नाव लिहा."

मग मागून कुणीतरी शेजाऱ्याच्या कानात, पण गावाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालं, "शेटजीनं पोरालाही गाठलं म्हणायचं!"

चार जण हसले. शिष्याच्या मुठी वळल्या. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत त्यानं पाहिलं, आणि ते डोळे त्याला ओळखीचे वाटले. कालपर्यंत निवडुंगाआडून तो स्वतः असाच पाहत होता. त्यानं वस्तादांकडे मान वळवली. इतके दिवस ही नजर पाठीवर घेऊन ते छकड्यात बसून हिंडले होते आणि एकदाही मागे वळून काही बोलले नव्हते.

शिष्याच्या मुठी हळूहळू उघडल्या. गर्दीतून वाट काढत तो आईपाशी गेला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसला. तिची पाठ वाकली होती. मग तिनं पदर सावरला, पाठ पुन्हा ताठ केली, आणि पाथरवटाच्या छिन्नीचा पहिला घाव दोघांनी मिळून ऐकला.