हळवं आणि गरवं

एकदा एक बाई दोन भातांचं लग्न लावायला निघाली होती. बाई मावळातली, नाव यमुना. घरच्या जुन्या भाताला वास असा की शिजताना शेजारीण डोकावून जाई. पण ते गरवं, म्हणजे उशिरा फुलणारं. शेवटचं पाणी मिळत नसे आणि निम्मे दाणे पोचे निघत. म्हणून लवकर येणाऱ्या हळव्या भाताशी त्याचा संकर करायला ती गेणूतात्यांकडे शिकत होती. तात्यांनी जन्मभर बियाणं राखलेलं.

दोन वर्षं मुहूर्त हुकला. हळव्याचा फुलोरा सरला तरी गरवं आपलं हिरवंगार उभं. दुसऱ्या वर्षी तिने गरवं विहिरीच्या पाण्यावर महिनाभर आधी पेरलं, तरी पठ्ठ्या फुलला आश्विनातच. आता बी पसाभर उरलं होतं. यंदा चुकलं की तो वास कायमचा गेला.

हा सगळा राग निघे थोरल्या भावावर, धर्माजीवर. त्याचं बोलणं फार संथ. यमुना त्याचं वाक्य अर्ध्यात तोडून स्वतःच पुरं करी. वाटणी करून मोकळं व्हावं, असंही तिने तात्यांना सांगून टाकलं होतं.

यंदा तात्यांनी गरवं पेरू दिलं आणि हळव्याची पुरचुंडी आपल्या कोनाड्यात ठेवली. आषाढ सरेपर्यंत दिलीच नाही. यमुना चरफडली. म्हातारा चळला असं तिला वाटलं. खोटं कशाला सांगावं.

आश्विनात दोन्ही भातं एकाच आठवड्यात फुलली. यमुना चिमट्याने पराग उचलू लागली. तेव्हा तात्या बोलले, "गरव्याच्या बियातच दिवसाची लांबी मोजायची सोय आहे, पोरी. दिवस आखडल्याशिवाय ते फुलायचं नाही, तू कधीही पेर. हळवं नुसतं स्वतःचं वय मोजतं. एकाला घाई करता येत नाही, दुसऱ्याला थांबता येतं. मग थांबायचं कोणी, ते तूच बघ."

घरी आल्यावर धर्माजी म्हणाला, "यमे, ते जुनं बी..." आणि सवयीने थांबला. यमुना गप्प बसून राहिली. तिच्या हातातला चहा निवला.

"मी दर साली भरले दाणे निवडून ठेवलेत," तो म्हणाला. "आईच्या डब्यात. पायलीभर झालेत."

हे वाक्य तो गेली दोन वर्षं सुरू करत होता.