दुपारची सावली

"पण महाराज, म्हाताऱ्या माणसाला याहून आणखी लागतं तरी काय?"

राजशेखर हालगे यांनी हे विचारले तेव्हा त्यांचा आराखडा लिंबाच्या सावलीत पसरलेला होता आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेले होते.

सोमगीर महाराज घोंगडीवर बसून कागद पाहत होते. बालाघाटच्या पठारावरचा तो लहानसा मठ. त्याच्या अंगणात झाड असे एवढे एकच. ज्यांच्या घरात कोणी उरले नाही असे दहापंधरा म्हातारे मठाच्या आश्रयाने राहत. उन्हाळ्यातला त्यांचा सारा दिवस या लिंबाखाली जाई.

राजशेखर हे महाराजांचे जुने शिष्य आणि आता नावाजलेले वास्तुविशारद. जवळच्या टेकडीवर ते वृद्धांसाठी वसाहत बांधणार होते. दुसऱ्या दिवशी पायाभरणी होती. आशीर्वाद घ्यायला आलो, असे त्यांनी सांगितले. येण्याचे खरे कारण मात्र सावलीच्या पार कडेला, सगळ्यांकडे पाठ करून बसले होते. ते त्यांचे वडील, वैजनाथअप्पा.

पत्नी गेल्यापासून अप्पा बोलत नव्हते. वाचा गेली नव्हती. बोलणे सोडले होते. जेवा म्हटले की जेवत, चला म्हटले की चालू लागत. ही वसाहत राजशेखरांनी त्यांच्यासाठीच कल्पिली होती. तिच्यातली पहिली खोलीही त्यांचीच होती.

"अप्पा काय म्हणतात?" महाराजांनी विचारले.

"नाही म्हणाले नाहीत... हो पण म्हणाले नाहीत."

"बरं. दाखव."

"प्रत्येकाला स्वतंत्र खोली. समोर स्वतःचं अंगण, अंगणात स्वतःचं झाड, झाडाखाली स्वतःचा बाक. कोणाला कोणाचा उपद्रव नाही. झाडांना पाणी घालायला नोकर. पलीकडे तळं, पाखरांसाठी राई..."

"आणि हा गोल कसला?"

"संवाद-मंडप. ऐंशी खुर्च्या. कुठूनही ऊन लागणार नाही. रोज संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांनी तिथे जमायचं."

"कशाला?"

"बोलायला."



महाराज उठले, घोंगडी उचलली आणि हातभर आत सरकून पुन्हा बसले.

मठात तसा रिवाजच होता. कोणाची जागा ठरलेली नसे आणि 'उठा' असे कोणी कोणाला म्हणत नसे. ते काम उन्हाकडे सोपवलेले होते. सकाळी सावली लांबवर पडे, तेव्हा म्हातारे दूरदूर बसत. कोणी जप करी, कोणी रुसलेला असे, कोणी नुसताच. सूर्य वर चढे तशी सावली आखडत खोडाकडे येई, आणि जो तो आपले पटकूर उचलून तिच्या मागोमाग सरके.

"महाराज, मी विचारलं त्याचं उत्तर?"

"थांब जरा..."

राजशेखर थांबले. चार दगड उचलून कागद आत सावलीत पुन्हा पसरणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. उत्तर मिळेपर्यंत जागचे हलायचे नाही, असे काहीसे त्यांच्या मनाने घेतले.

ऊन कागदावर आले. संवाद-मंडप उन्हात गेला, मग तळे गेले, मग राई.

"सायेब, कागद करपंल की," खोडाजवळून एक म्हातारा ओरडला. "अन् तुमीबी. आत या."

"मी ठीक आहे."

त्यांच्या कपाळावरचा घामाचा थेंब नेमका पहिल्या खोलीवर पडला.

तेवढ्यात अप्पा उठले. पायाखाली ऊन आले होते. ते अडखळले, तसे राजशेखर आधार द्यायला धावले. महाराजांनी नुसता तळहात वर केला. राजशेखर जागीच थबकले.

अप्पा सावलीच्या नव्या कडेला बसले. थोड्या वेळाने आणखी आत. मग आणखी.

भर दुपारी सगळे म्हातारे खोडाभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. अप्पांच्या शेजारी सटवाजी आला होता. बैलबाजारातला हा जुना दलाल. बाजार सुटला तरी त्याच्या तोंडाची सवय सुटली नव्हती.

"पाव्हणं, तेवढा गुडघा आवरा की. का त्योबी पोरानं आखून दिलाय?"

सगळे हसले. अप्पा समोर पाहत राहिले.

"बोलत न्हाईत व्हय? बरं हाय. मला एका कानानं ऐकूच येत न्हाई. लई दिसांनी जोडी जमली."

त्याने कोपराने अप्पांना ढोसले.

अप्पांनी मान वळवली.

"गुडघा माझा आहे." आवाज गंजलेल्या कडीसारखा निघाला. "सावली काय तुझ्या बापाची आहे?"



"बापाची न्हाई," सटवाजी म्हणाला. "पर बाप हितंच बसायचा, अन् असाच खेकसायचा."

त्याने तंबाखूची पिशवी पुढे केली. अप्पांनी चिमूट घेतली, मळली, तोंडात टाकली.

"चुना कमी आहे," ते म्हणाले.

"तर मंग उद्या तुमीच आणा."

"आणतो. तुझ्याकडून काही होणार नाही."

राजशेखर उन्हात उभे होते. बापाचा आवाज कसा होता, हे आपण विसरत चाललो होतो, हे त्यांना त्या क्षणी उमगले. त्यांनी खाली वाकून एकेक दगड बाजूला केला, कागदाची गुंडाळी केली आणि सावलीपाशी आले.

सावलीत जागा नव्हती.

त्यांच्याकडे न पाहताच अप्पांनी धोतराचा सोगा आवरून घेतला. पलीकडे सटवाजी कुरकुरत सरकला. कशीबशी वीतभर जागा झाली. राजशेखर अंग चोरून तिथे बसले. एका बाजूने बापाचा खांदा लागत होता, दुसऱ्या बाजूने कोणा अनोळखी म्हाताऱ्याचा.

राजशेखर म्हणाले, "महाराज, चूक कळली. मंडप काढून टाकतो. त्या जागी लिंब लावतो आणि भोवती पार बांधतो. चांगला प्रशस्त. ऐंशीच्या ऐंशी माणसं मावतील असा."

महाराजांचे डोळे मिटलेले होते...

"पार बांध," ते म्हणाले. "सगळे मावतील एवढा नको."