शिकाऊ विमानाचे पाय

"मग सर, आता यात काय राहिलं? सांगा ना!"

हेमांगीने पुन्हा विचारलं. शिधये सरांच्या तळहातावर तिने केलेलं विमान होतं, आणि ते चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडे बघत होते.

देवळाली कॅम्पातला त्यांचा व्हरांडा. रविवारची सकाळ. टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर चिमटे, पॉलिशपेपर, गोंदाची बाटली आणि माझा गार झालेला चहा.

सर हवाई दलात होते. लढले नाहीत, शिकवायचे. मिसरूड फुटलेल्या पोरांना विमान उडवायला शिकवण्यात त्यांची उमर गेली. निवृत्तीनंतर विमानं लहान झाली, इतकाच काय तो फरक. दर रविवारी जो येईल त्याला ते प्लॅस्टिकची विमानं जोडायला शिकवतात. मी बँकेतून सुटल्यापासून नेमाने येतो. माझ्या विमानाचे दोन पंख अजून एका रेषेत आलेले नाहीत, पण ते सोडा.

हेमांगी पारसनीस ही सरांची सगळ्यात हुशार शिष्या. शाळेत असताना इथेच शिकली. पुढे इंजिनियर झाली, परदेशातल्या स्पर्धांमध्ये बक्षिसं मारली, आणि आता तिने भोसरीत स्वतःचा छोटा कारखाना काढलाय. तिथे अशा विमानांची किटं बनणार. डबा उघडायचा, सुटे भाग काढायचे, जोडायचे.

आपण हुशार आहोत हे तिला माहीत आहे. तिच्या जागी मी असतो तर मलाही ते माहीत असतं.

"जगात लढाऊ विमानांची किटं पोत्याने आहेत, सर," ती म्हणाली. "एकाच विमानाची पन्नास. आणि हे? आपल्याकडे आखलेलं, आपल्याकडे बांधलेलं. आपल्या वैमानिकांची अख्खी पिढी यावर शिकली. याचं धड एक किट कोणाला काढावंसं वाटलं नाही."

"हं."

"बंदूक नाही, बॉम्ब नाही, म्हणून! मी त्याला न्याय देणार आहे."

ते विमान म्हणजे एचटी-टू. शिकाऊ विमान. खाली पंख, पुढे पंखा, एकामागे एक दोन खुर्च्या... एक शिकणाऱ्याची, एक शिकवणाऱ्याची. सरांनी आयुष्यातले कितीतरी तास त्यातल्या एका खुर्चीत काढलेले. म्हणूनच ती भोसरीहून इतक्या लांब आली होती. सरांनी एकदा मान हलवली की झालं.

आणि ती मान आजच हलायला हवी होती. हा नमुना तिने थ्रीडी प्रिंटरवर काढला होता, पण उद्यापासून पोलादाचा साचा कापायला घेणार होते. पोलाद एकदा कापलं की मागे फिरणं नाही. एवढ्याशा कारखान्याची ताकद एकाच साच्याची. दिवाळीनंतर परदेशात मोठं प्रदर्शन, तिथे डबा पोचला पाहिजे. किट फसलं तर कारखान्याला कुलूप. हे सगळं तिने आल्याआल्याच सांगितलं होतं, आणि सांगताना तिचा आवाज जराही हलला नव्हता.

"सुंदर केलंयस," सर म्हणाले.

तिने सुटकेचा श्वास सोडला.

"सुटे भाग आणलेस?"

"आणलेत की. अख्खा संच आहे."

"यांना दे."

यांना म्हणजे मला. मी इकडेतिकडे पाहिलं. व्हरांड्यात चौथं कोणी नव्हतं.

हेमांगीचा चेहरा पडला. "सर... काकांना?"

"हो. बसू देत जोडत."

तिने डबा माझ्यापुढे सरकवला, तोही असा, की घरातली ठेवणीतली कपबशी पाहुण्यांच्या पोरापुढे ठेवावी. मी आत पाहिलं. खुर्च्यांचे पट्टे वेगळे. वैमानिकाच्या पायाखालचे दांडे वेगळे. विमान वळवायची काठी वेगळी, आणि ती काठी जिच्यात बसवायची ती चकतीसुद्धा वेगळी. मोहरीचे दाणे निवडायला बसल्यासारखं वाटलं मला.

मी चिमट्याने काठी उचलली. चिमटा जरा जास्त दाबला गेला.

टिक्.

काठी उडून गेली.

या छंदातल्या माणसांना तो आवाज ओळखीचा असतो. पुढचं काही बोलावं लागत नाही. आम्ही तिघंही जमिनीवर आलो. हेमांगी टेबलाखाली, मी सतरंजी उलटी करतोय, आणि सर एवढ्या वयात गुडघ्यांवर, हातातली विजेरी फरशीला आडवी धरून.

सापडली नाही.

"काका, चिमटा इतका घट्ट धरतात का?" हेमांगी धूळ झटकत म्हणाली.

"चुकलं," मी म्हणालो. खरंच वाईट वाटलं मला.

"त्यांचं नाही चुकलं," सर म्हणाले.

ते खुर्चीत टेकले. गुडघे चोळले. मग त्यांनी तिचं जोडलेलं, रंगवलेलं विमान पुन्हा उचललं आणि टेबलाच्या वर धरलं. वीतभर. फार तर वीतभर.

आणि सोडून दिलं.

"सर!"

विमान चाकांवरच पडलं. सरळ पडलं, वाकडंतिकडं नाही. पण दोन्ही पाय खुब्यात, पंखाच्या सांध्यातच, मोडले आणि ते पोटावर बसलं. एक चाक घरंगळत माझ्या कपापाशी येऊन थांबलं.

हेमांगीचे डोळे भरून आले होते, आणि ते रागाने. "हे काय केलंत? किती रात्री घालवल्यात मी यावर! हे काही आपटायचं खेळणं नाही."

"खरं विमानही खेळणं नव्हतं," सर शांतपणे म्हणाले. "तरी पोरं आपटायची. सकाळपासून आपटायची. मी आत बसलेला असायचो. दात खडखड वाजायचे माझे."

"पण..."

"आणि ते मोडायचं नाही. सहजासहजी तर नाहीच. पुन्हा धावत सुटायचं, पुन्हा वर. पोरगं घाबरून रडकुंडीला आलेलं असायचं आणि विमानाला त्याचं काही नाही. त्याचं कामच ते होतं."

हेमांगीने मोडलेला पाय उचलून उजेडात धरला. काडेपेटीतल्या काडीहून बारीक होता तो.

"सर, माप बघा. मूळ आराखड्यावरून घेतलंय. बहात्तर पटींनी लहान केलं की पाय एवढाच होतो. केसभरही चूक नाही. कॅलिपर लावा हवं तर."

"लावायची गरज नाही. माप बरोबरच आहे."

"मग?"

"माप बरोबर आहे. विमान चुकलंय."

ती उसळली. ती गप्प राहणाऱ्यातली नाहीच, आणि मला ती त्यासाठीच आवडते.

"पाय जाड करू? तिकडचे परीक्षक भिंग घेऊन बसतात, सर. पहिल्याच दिवशी लिहितील, पाय हत्तीचे आहेत म्हणून. खुर्चीचे पट्टे एकत्र ओतले तर म्हणतील, खेळण्यांचं दुकान उघडलंय. माझं नाव जाईल!"

"जाईल," सर म्हणाले.

इतक्या सहज म्हणाले की ती बघतच राहिली.

"लढाऊ विमानाचं किट केलं असतंस, तर मी एक शब्द बोललो नसतो. ते कसलेल्या माणसाचं विमान. त्याचं किटही कसलेल्या हातांसाठी असू दे. लाव तिथे हजार भाग." त्यांनी पोटावर बसलेल्या विमानाच्या पाठीवरून बोट फिरवलं. "हे कोणासाठी होतं?"

"शिकणाऱ्यांसाठी."

"आणि तुझा डबा कोणासाठी आहे?"

समोरच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. हेमांगीने हातातला मोडलेला पाय वर्तमानपत्रावर ठेवला.

"तू इथे पहिल्यांदा आलीस," सर म्हणाले, "तेव्हा तुझ्या हातात हा डबा दिला असता तर?"

"नसता जमला."

"मग काय केलं असतंस?"

"घरी गेले असते." ती थोडी थांबली. "आणि परत आले नसते."

हे बोलताना मात्र तिचा आवाज हलला. मी उगाच चहाचा कप उचलला, रिकामा नव्हता म्हणून प्यालो, आणि गार चहाने तोंड वाकडं केलं. पण मला आतून फार बरं वाटत होतं. इतकी वर्षं मला वाटत आलं होतं की माझीच बोटं जाडी.

हेमांगीने खुर्ची पुढे ओढली. पेन्सिल घेतली आणि त्या वर्तमानपत्रावरच, एका साखरसम्राटाच्या वाढदिवसाच्या जाहिरातीवर, रेघा मारायला सुरुवात केली.

"पाय आणि पंख एकत्र ओतले तर," ती स्वतःशीच म्हणाली, "खुबाच राहत नाही. मोडायला जागाच नाही उरत."

सर वर्तमानपत्रावर वाकले.

"पाय किंचित जाड. किंचितच. नजरेला कळणार नाही, भिंगाला कळेल. कळू दे." पेन्सिल भराभर चालली होती. "खुर्ची, पट्टे, काठी, सगळं एका तुकड्यात. पंखांना खाच आणि खुंटी... अशी, की वाकडे बसायचे म्हटले तरी बसणार नाहीत."

हे वाक्य म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली. त्या सकाळी पहिल्यांदाच हसली. मीही हसलो.

"सोपं करणं जास्त अवघड आहे हो, सर," ती म्हणाली.

"खरं विमान बांधणाऱ्यांनाही अवघडच होतं."

मग तिने फोन लावला. साचा कापणाऱ्या कारागिराला. "राऊतदादा, उद्याचं काम थांबवा... नाही, रद्द नाही. सगळं नव्याने आखतेय... हो, माहितेय मला. प्रदर्शन हुकेल." तिने डोळे मिटले, उघडले. "हुकू दे. पुढच्या वर्षी आहेच की. कारखाना तेवढा मी तगवते, ते माझ्यावर सोडा."

फोन ठेवला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मी नीट पाहिलं होतं. जिचं सगळं पणाला लागलंय अशी बाई इतकी निवांत मी कधी बघितली नाही. तिने मोडलेलं विमान आणि दोन्ही पाय कापसात गुंडाळून पिशवीत ठेवले. मला म्हणाली, "काका, नवा नमुना झाला की तुम्ही जोडायचा. चिमटा न घेता." मी छाती पुढे काढून हो म्हटलं.

ती सरांच्या पाया पडली. सरांनी डोक्यावर हात ठेवला, पण मान काही हलवली नाही. ती जिन्यापर्यंत गेली आणि वळली.

"सर, डब्यावर तुमचं नाव टाकते."

"नको."

"बरं. मग साच्यातून निघालेला पहिला डबा तरी तुमचा. त्याला नाही म्हणायचं नाही."

"मला जोडता येतं. मला काय करायचाय?"

"मग पहिला डबा देऊ कोणाला?"

सर गुडघ्यावर हात टेकून उठले, विजेरी घेतली आणि पुन्हा सतरंजीपाशी ती हरवलेली काठी शोधायला वाकले.

"ज्याला जमणार नाही, त्याला दे."