आईचे अशुद्ध वाक्य

एकदा एका वृद्ध वैयाकरणाचा शिष्य बऱ्याच वर्षांनी चार दिवस घरी जाऊन आला. नवी विद्या नव्या वहाणेसारखी करकरते. याचीही करकरत होती. "गुरुजी," तो अभिमानाने म्हणाला, "आई फार अशुद्ध बोलायची. मी शब्दाशब्दाला टोकले. आता ती एकही चूक करत नाही."

गुरुजींनी पुढ्यातली पोथी मिटली. "आजपासून तुझा पाठ बंद. आईच्या तोंडचे एक अशुद्ध वाक्य घेऊन ये, मगच पुढचे शिकवीन."

शिष्य चक्रावला. ज्यांनी उभा जन्म शुद्धाशुद्ध निवडण्यात घालवला, त्यांनाच चूक हवी? म्हाताऱ्याला चळ लागला की काय, असेही त्याच्या मनात येऊन गेले. पण आज्ञा ती आज्ञा. तो घरी गेला.

पूर्वी तो दिसला की आई अंगणातूनच सुरू होई. गाय व्याल्यापासून शेजारणीच्या सुनेपर्यंत सारे सांगून टाकी. या वेळी ती पदर सावरून उभी राहिली आणि एकेक शब्द तोलत म्हणाली, "आपण केव्हा आलात?"

पोटच्या पोराला 'आपण'! वाक्यात खोट नव्हती, पण शिष्याच्या काळजात चर्र झाले. त्याने तिला बोलते करायचा खूप प्रयत्न केला. ती विचारल्यापुरते उत्तर देई आणि गप्प होई.

तो रिकाम्या हातांनी परतला. सगळे ऐकून गुरुजी म्हणाले, "अरे, माझे गुरू ज्या रूपांवर संतापत, तीच आज मी तुला शुद्ध म्हणून शिकवतो. तुझ्या आईसारख्या माणसांनी ती बोलून बोलून रुळवली. माणसे आधी बोलतात, नियम मागून येतात. आपण नुसते ऐकून टिपणारे. तू तर तिलाच गप्प केलेस. आता कुणाचे ऐकणार?"

शिष्याचे डोळे भरून आले.

"जा," गुरुजी हळूच म्हणाले, "तिच्या बोलीत बोलून बघ. उशीर झाला नसला म्हणजे मिळवली."

तो तसाच माघारी गेला. चुलीपुढे बसकण मारून म्हणाला, "आये, भूक लागलीया. काय हाय खायाला?"

आईचा हात थबकला. क्षणभर तिचा चेहरा उजळला. मग कुणी ऐकले तर नाही ना, असे दाराकडे बघत ती हलकेच म्हणाली, "बाळ, 'आहे' म्हणावे."

शिष्याने मान खाली घातली. आईने भाकरी वाढली आणि तो मुकाट्याने जेवला.