चौदा किलोमीटरवरची फुली

“...म्हणजे फुली नको होती का, मास्तर? चांदणी काढू?”

ओसरीवर विळी घेऊन मास्तर चिंचा साफ करत बसले होते. चिंच एका परातीत, चिंचोके दुसरीत.

शर्वरी तामसेला उत्तराची वाट बघायची सवय नव्हती. आरोग्य खात्यात आकडेवारीच्या कामाला लागून तिला जेमतेम दोन वर्षं झाली होती, पण आपल्यासारखा आलेख अख्ख्या तालुक्यात कुणाला काढता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्यांनाही ते ठाऊक असावं, एवढीच तिची माफक इच्छा. संख्याशास्त्र ती मास्तरांकडेच शिकली होती खरी. पण मास्तरांचा सगळा कारभार खडू नि फळ्याचा. हिनं तर संगणकावर कोड लिहून आलेखातली एकेक खूण नटवली होती.

तीन दिवस खपली होती बाई! चार वर्षांत साप चावलेली एकशे चाळीस माणसं. वाचला तो हिरवा गोल, गेला ती लाल फुली. गोलाला पांढरी कड, फुलीला काळी. आडव्या रेघेवर दवाखाना किती किलोमीटर, उभ्या रेघेवर पोचायला किती तास.

आणि आज दुपारी बैठक होती. विषावरची लस ठेवायला तालुक्याला एकच फ्रीज मंजूर झाला होता. तो कुठल्या गावात ठेवायचा, ते साहेब मंडळी हाच कागद बघून ठरवणार होती.

“बोरशेतलाच जाईल,” शर्वरी म्हणाली. “बघा ना, तिथल्या तीन फुल्या एकाखाली एक. कशा डोळ्यांत भरतात!”

मास्तरांनी हात पुसले. कागद घेतला. एकेक फुली बघत गेले...

“देखणा आहे.”

शर्वरी खुलली.

“गेले किती?”

“तेवीस.”

“मोज.”

हे काय भलतंच, असं तिच्या मनात आलं. पण मोजल्या. अठरा. पुन्हा मोजल्या, बोट ठेवून. अठराच.

तिनं घाईघाईनं लॅपटॉप उघडला. यादीत नावं तेवीस. कोड वरपासून खालपर्यंत वाचला. कुठं काही चुकलेलं नाही.

“कोड बरोबर आहे, मास्तर!”

“असेल की.”

“मग पाच माणसं गेली कुठं?”

“मला काय विचारतेस? आणली होतीस तू.”

शर्वरी गोंधळली. फुल्या लहान पडल्या असतील म्हणून तिनं त्या मोठ्या केल्या. मोठ्या अठरा फुल्या आल्या. फुलीची चांदणी केली. चांदण्या अठरा. लालाचा जांभळा रंग केला, कड जाड केली, चौकोन केले, त्रिकोण केले... अठरा, अठरा, अठरा. डोकं भणभणायला लागलं. परीक्षेत येत असलेलं गणित ऐन वेळी आठवू नये, तशी तिची गत झाली.

मास्तर चिंच सोलत होते.

“काहीतरी बोला ना!”

“पल्याडवाडीची नावं वाच,” मास्तर म्हणाले. “गेलेल्यांची.”

पल्याडवाडी नदीपलीकडची. तिथून माणूस झोळीत घालून रस्त्याला आणायचा, मग जीप. चौदा किलोमीटर. कुणालाही आणा, चार तास ठरलेले.

“काळू गभाले,” शर्वरीनं वाचलं.

मास्तरांनी एक चिंचोका उचलला. कागदावर चौदा किलोमीटर आणि चार तास जिथं मिळत होते, तिथं ठेवला. तिथं एक लाल फुली होती.

“हौसा भवारी.”

दुसरा चिंचोका. पहिल्याच्या डोक्यावर.

“चंदर गभाले... ठकी भवारी...”

तिसरा राहीना. घसरला. चौथा ठेवला तसा सगळा ढीगच कोसळला, आणि एक चिंचोका घरंगळत ओसरीच्या कोपऱ्यात गेला.

“तो कुणाचा?” मास्तरांनी विचारलं.

“अं?... हौसाबाईचा.”

“मग बघत काय बसलीस? शोध.”

बाकीची दोन नावं वाचायची होती. पण मास्तर हात आवरून बसले. शर्वरीला कळेना, हे खरंच म्हणतायत की आपली चेष्टा करतायत. शेवटी इस्त्रीच्या कपड्यांत गुडघे टेकून ती पाटाखाली, घडवंचीखाली हात घालत बसली. जळमट हाताला लागलं. मग चिंचोका सापडला.

तिनं तो मास्तरांच्या हातावर ठेवला. मग उरलेली नावं वाचली. एक आठ वर्षांची मुलगी होती, एक तिचा बाप.

कोसळलेले आणि नवे दोन धरून मास्तरांच्या तळहातावर आता सहा चिंचोके होते.

“एका जागी राहतात का बघ बरं,” त्यांनी हात पुढे केला. “तुझ्या कागदावर कसे राहिले?”

शर्वरी कागदाकडे बघत राहिली. सहाही जणांचे किलोमीटर तेच, तास तेच. एकावर एक, एकावर एक, आणि वर फुली एकच. साहेबांना दिसली असती ती एक. बोरशेतच्या तीन दिसल्या असत्या. तिला लाज वाटली. त्या एका फुलीला तिनं किती हौसेनं काळी कड दिली होती.

“फुल्या थोड्या थोड्या बाजूला सरकवता येतील,” ती हळूच म्हणाली. “कोडमध्ये करता येतं ते. पण मास्तर... मग आलेख खोटा होईल! माणसं चौदावर होती. पावणेचौदावर नव्हती, सव्वाचौदावर नव्हती.”

“आणि आत्ता खरा आहे?”

बरोबर काय नि चूक काय, सगळं उलटंपालटं झालं होतं. बैठकीला दोन तास उरले होते. तिनं लॅपटॉप पुढे ओढला, बोटं ठेवली, आणि तिथंच अडली.

“पण मग आकार कुठला देऊ यांना? फुली ठेवू? गोल करू? काही सांगा तरी...”

मास्तरांनी पुढची चिंच उचलली.

“आकार राहू दे, पोरी. जागा दे.”