राजाने न प्यालेले पाणी

एका राज्यात अंबुला नावाची बाई राजवाड्यात पाणी वाढण्याचे काम करी. एके दिवशी राजपुत्राच्या पेल्यात विष निघाले. राजपुत्र वाचला, पण अंबुलेच्या हातांत मंत्राची बेडी पडली. सात दिवस न्यायसभा बसली. विष घालताना तिला कोणीच पाहिले नव्हते. न्यायाधीश म्हणाले, "गुन्हा शाबीत झाला नाही." तत्क्षणी बेडी आपोआप गळून पडली.

त्या राज्याची रीत अशी, की सुटलेल्या माणसाच्या हातचे पाणी राजाने भरसभेत प्यावे. वज्रसेन राजाने पेला ओठांना लावला, नुसत्या मिशा ओल्या केल्या आणि खाली ठेवला. त्याच घटकेला राज्यातल्या साऱ्या विहिरी कडू झाल्या. दोष कोणावर आला? अर्थात अंबुलेवर! "आगीशिवाय धूर निघतो का?" असे म्हणत लोकांनी तिला दारातही उभे केले नाही. लोकांचे काय, उचलली जीभ, लावली टाळ्याला.

अंबुला पोटभर रडली. मग पदर खोचून डोंगरातल्या मांत्रिकाकडे गेली.

मांत्रिक म्हणाला, "गोड पाण्याचा एकच झरा उरला आहे. त्यावरचा अजगर हलव. ते पाणी घेऊन काचेची नदी ओलांड. आणि ज्याच्यामुळे विहिरी कडू झाल्या, त्याला ते पाज."

अजगराला तिने दोन दिवस गाणी म्हणून झोपवले, हळूच बाजूला सारले आणि पाणी भरून घेतले. काचेच्या नदीवर पाय रक्तबंबाळ झाले, पण थेंब सांडला नाही. पैलतीरावर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "मी सभेच्या छतावर होते. राजाचा घसा हलला नाही."

अंबुला थेट दरबारात शिरली.

"महाराज, प्या."

"यात विष असले तर?"

"सात दिवस तुमच्या सभेने पुरावा शोधला. सापडला नाही."

"पण तू निर्दोष आहेस, याची मला खात्री नाही."

"म्हणून तर ही रीत आहे, महाराज. खात्री पटल्यावर कोणीही पिईल."

राजाने डोळे मिटले आणि पेला रिकामा केला. छतावरून साळुंकी ओरडली, "घसा हलला!" साऱ्या विहिरी गोड झाल्या.

विष कोणी घातले, ते कधीच कळले नाही. पण त्याच दुपारी जेवणाच्या पानावरून राणीने हाक मारली, "अंबुले, राजपुत्राला पाणी वाढ."