सांडशीचं वजन

अवजारं आपसात बोलत, त्या काळातली ही गोष्ट. तुळाजी लोहार अमावास्येला भट्टी पेटवत नसे. अशाच एका अमावास्येला त्याच्या अवजारांनी ठरवलं, की ज्याचं काम सगळ्यांत जड, त्याला रोज दुपारी विसावा द्यायचा. निवाडा तराजूवर सोपवला.

तराजूने एकेकाला पारड्यात घेतलं. घण सगळ्यांत भारी भरला आणि सांडशी सगळ्यांत हलकी.

"सांडशीबाई, तुमचं काम हलकं. तुम्हाला विसावा नाही," तराजू म्हणाला.

"आज नका ठरवू, तराजूदादा. उद्या भट्टी पेटल्यावर मला पुन्हा तोला."

"एका रात्रीत काय वजन वाढणार आहे तुझं?" घण हसला.

दुसऱ्या दिवशी निखारे फुलले. सांडशीने लालभडक फाळ तोंडात धरला आणि घण त्यावर पडू लागला. दर घावानंतर घण वर जाई, तेवढाच त्याला वारा लागे. सांडशीला मात्र क्षणभरही पकड सोडता येईना.

तुळाजी घाम पुसायला वळला, तशी ती फाळासकट तराजूपुढे आली.

"हं, घ्या आता पारड्यात."

दोऱ्या करपतील या भीतीने तराजूने पारडं झटकन मागे ओढलं.

"राहू द्या तोलायचं," सांडशी शांतपणे म्हणाली. "तुम्ही किती मागे सरलात, तेवढंच निवाड्यात लिहा."